गाळलेली ओळ

वर्तमानपत्रात सगळ्यात लहान टाइप खुलाशाला मिळतो. बातमी चार कॉलमी असली तरी तिचा खुलासा चार ओळींचा असतो, आतल्या पानावर, हवामानाच्या चौकटीखाली. कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांची बातमीदारी मी सव्वीस वर्षे केली. त्या काळात माझ्या बातम्यांवर नऊ खुलासे छापून आले. दहावा यायला हवा होता. तो आला नाही.

आधी काम कसे चालते ते सांगतो. तालुका बातमीदाराला केबिन नसते. माझे कार्यालय म्हणजे शिळफाट्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातले एक स्टूल. सकाळी तहसील, पोलीस ठाणे, ग्रामीण रुग्णालय; दुपारी लिहिणे; चारच्या आत बातमी मुंबईच्या डेस्ककडे. डेस्क म्हणजे तिथे बसून बातमी कापणारी आणि मथळा देणारी माणसे. कापताना सगळ्यात आधी जातात ते 'शक्यता', 'समजते', 'प्राथमिक अंदाज' हे शब्द. ते जागा खातात आणि मथळ्यात मावत नाहीत. काही वर्षांनी बातमीदार ते शब्द लिहिणेच सोडून देतो. डेस्कचे काम तो आधीच करून ठेवतो, आणि याला सफाई म्हणतात.

एकदा कशेळ्याच्या पुढचा एक छोटा पूल 'खचण्याची शक्यता' आहे, असे मी लिहिले. मथळा आला, 'पूल खचला'. दोन दिवस वरच्या पाड्यांकडे एकही जीप गेली नाही. तिसऱ्या दिवशी कशेळ्याच्या नाक्यावर एका जीपवाल्याने मला गाठले.

"पत्रकार, तुमच्या पुलावरनं आत्ताच आलो. चला, परत जाऊन दाखवतो. पुढच्या सीटवर तुमी बसा."

नाक्यावरची सगळी माणसे हसली. मीही हसलो. खुलासा आला, चार ओळींचा.

दुसरे एक गृहस्थ सलग आठवडाभर झेरॉक्सच्या दुकानात येत राहिले. त्यांच्या वडिलांच्या निधनवार्तेत धाकट्या जावयाचे नाव आधी आणि थोरल्याचे नंतर छापले गेले होते. थोरले जावई दहाव्याला आले नाहीत. "यादी तुम्हीच दिली होती," मी म्हटले. "मी दिली," ते म्हणाले, "पण तुमी छापलीत."

छापलेल्या मजकुराचे वजन किती, हे या दोघांनी मला सांगून ठेवले होते. मी त्याचे किस्से केले आणि लोकांना ऐकवले.

वाचकांना कदाचित ठाऊक नसेल अशी आणखी एक गोष्ट. आमच्याकडे आजारी माणसाची बातमी केवळ वाचण्यासाठी छापून आणत नाहीत. तिचे कात्रण कापतात, लॅमिनेट करतात आणि रुग्णाच्या फायलीत सगळ्यात वर लावतात. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात ते दाखवले की नंबर लवकर लागतो, अशी समजूत आहे. खरेच लागतो का, हे मला आजतागायत कळलेले नाही. तरी वर्षाला आठ-दहा जण तरी त्यासाठी येत.

दत्ता त्यासाठीच आला. चौकला जुन्या हायवेला लागून सुमन ठोंबरे यांची खानावळ आहे. दत्ता त्यांचा धाकटा भाऊ. पत्र्याची शेड, सहा टेबले, मागे दोन खोल्यांचे घर. सुमनताईंचा नवरा गेल्यापासून बारा वर्षे त्या ही खानावळ चालवत होत्या. मदतीला दत्ता आणि त्याची बायको. ट्रकवाले, टेंपोवाले, गॅरेजचे कामगार तिथे तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे आणि सुकटीची चटणी खायला थांबत. मीही थांबे. सुमनताईंचा आवाज रस्त्यापलीकडे ऐकू जाई. "ए, ताट उचल रं तुजं! तुजी आय नाय आली हितं मागनं." ज्याला हे ऐकवले जाई तो दुसऱ्या दिवशी हमखास परत येई.

दत्ताने माझ्यासमोर लिफाफा ठेवला. "भाऊ, ताईला कॅन्सर निघाला. स्वादुपिंडाचा. तीन महिने बोलले."

"कोण बोलले?"

"पनवेलला फोटो काढला ना पोटाचा, तितं."

पोटाच्या सीटी स्कॅनचा तो अहवाल तीन पानांचा, इंग्रजीत होता. स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ, आजूबाजूला वाढलेल्या ग्रंथी, कर्करोग असण्याची शक्यता अधिक. त्याखाली, शेवटच्या ओळीत: खात्रीसाठी गाठीतला नमुना काढून तपासावा.

मी तिन्ही पाने वाचली. शेवटची ओळही वाचली. ही गोष्ट इथे स्पष्ट नोंदवतो, कारण पुढे मला तीच विचारली गेली. दत्ता सांगत होता ते वहीत उतरवले: चार महिन्यांपासून पोटात आणि पाठीत दुखते, जेवण नको होते, साडीच्या निऱ्या दुप्पट होतात, संध्याकाळी कणकण असते. बातमीत मी लिहिले, 'सुमन ठोंबरे यांना स्वादुपिंडाच्या कर्करोगाने ग्रासले आहे.' शक्यता गेली. शेवटची ओळ गेली. संध्याकाळची कणकणही गेली, कारण कर्करोगापुढे कणकण किरकोळ वाटली. मथळा डेस्कने दिला: 'ट्रकचालकांच्या अन्नपूर्णेची कॅन्सरशी झुंज'. सोबत हातात पळी घेतलेला फोटो.

मुंबईच्या इस्पितळात गाठीतला नमुना काढण्यासाठी तारीख मिळाली. दत्ताने फोन करून आभार मानले.

चौथ्या दिवशी आणखी एक फोन आला. तालुक्यात क्षयरोगाचे काम पाहणाऱ्या पर्यवेक्षक पवार मॅडमचा. एखादा रुग्ण गोळ्या अर्ध्यावर सोडून गेला की स्कूटरवरून त्याच्या घरापर्यंत जाणाऱ्या बाई. बातमीसाठी मी त्यांना अनेकदा फोन केला होता. त्यांनी मला पहिल्यांदाच केला.

"चौकच्या बाईंची बातमी वाचली. बायोप्सी झाली का त्यांची?"

"तारीख मिळालीय."

"म्हणजे नाही झाली. मग कॅन्सर आहे हे ठरवलं कोणी?"

हा प्रश्न डेस्कवरच्या कोणीही विचारायला हवा होता. त्याआधी मी.

"ताप येतो का त्यांना? संध्याकाळचा?" मी वही उघडली आणि होय म्हणालो. त्या म्हणाल्या, "मी डॉक्टर नाही. त्यांना काय झालंय ते मी सांगणार नाही. पण पोटाचा टीबी असतो. तिथल्या ग्रंथी सुजतात, स्वादुपिंडाला चिकटतात, आणि फोटोत हुबेहूब कॅन्सरच्या गाठीसारख्या दिसतात. मी दोनदा पाहिलंय. एकीला आम्ही वेळेत गाठलं. दुसऱ्याच्या घरच्यांनी कॅन्सर समजून इस्पितळच सोडलं. कॅन्सर असला तरी नमुना लागतो आणि टीबी असला तरी लागतो. एवढं त्यांना सांगा."

मी त्याच दुपारी चौकला गेलो. खानावळ चालू होती, आवाज बंद होता. मागच्या खोलीत सुमनताई खाटेवर बसल्या होत्या, भर उन्हाळ्यात अंगावर शाल. समोर भावजय खाली बसून मसाल्याची वाटपे करत होती आणि ताई तिला प्रमाण सांगत होत्या. धणे किती, दगडफूल किती, मिरची कुठल्या दुकानातली. ही कामाची वाटणी नव्हती, निरवानिरव होती, हे समजायला मला फारसा वेळ लागला नाही.

"या पत्रकार. फोटो चांगला आलाय माझा. बारीक दिसते."

नमुना काढायला कधी जाताय, असे मी विचारले.

"नाय जात. सुई लागली की कॅन्सर उठतो. खालच्या आळीतल्या वहिनीचं बघितलं ना? सुई लावली आणि महिन्यात गेली. आणि आता सुई कशाला? पेपरात आलंय."

"पेपरात मी लिहिलंय, ताई."

"मंग? खोटं लिवलंत का?"

"खोटं नाही. अर्धं लिहिलं."

"मंजे मला अर्धा कॅन्सर झालाय का?" त्या भावजयीकडे वळल्या. "ऐकलंस का गं? अर्धाच हाय. मसाला अर्धाच शिक असं बोलायला आलेत."

भावजय हसली नाही. मी दत्ताकडून अहवाल मागून घेतला आणि शेवटची ओळ मोठ्याने वाचली, मग मराठीत सांगितली. दत्ता दारात उभा होता.

"भाऊ, हे तुमी तवा वाचलं नव्हतं?"

"वाचलं होतं."

तो अहवाल माझ्या हातातून घेऊन बाहेर गेला.

मुंबईची तारीख दोन आठवड्यांवर होती. त्या दोन आठवड्यांत मी चौकला पाच वेळा गेलो. काही ना काही कारण काढायचो: पंचायतीची बैठक, हायवेवरचा अपघात, टायर. घरी वर्तमानपत्र उघडले की आधी त्यातले 'शक्यता' मोजू लागायचो. एका फेरीत पवार मॅडमना सोबत नेले. टीबी हा शब्द त्यांनी उच्चारला तसा सुमनताईंनी हात वर केला.

"हळू बोल बाई. भायेर मानसं जेवतात माझी."

"पोटाचा टीबी श्वासाने पसरत नाही, ताई. ताटाने तर कुठलाच पसरत नाही. छातीचा एक्स-रे तेवढा काढू, तिथे काही नाही ना बघायला."

"ते तुला म्हाईत. ड्रायव्हरला म्हाईत हाय का? कॅन्सर झाला म्हणून लोकं पाया पडून जातात. पुन्याचा एक ड्रायवर नारळ ठेवून गेला. टीबी झाला बोल्लं तर भाकरीला हात नाय लावायची. मेलेली चालंल, पन बंद पडलेली खानावळ नाय चालायची मला. माझ्या भावजयीची दोन पोरं हायेत तिच्यावर."

पवार मॅडमनी वाद घातला नाही. थर्मामीटर ठेवला आणि रोज संध्याकाळी ताप मोजून लिहायला सांगितले. भावजयीने ते आकडे मसाल्याच्या प्रमाणांच्याच वहीत लिहिले. मी पुढच्या खेपेला ती वही पाहिली. रोज सहाच्या सुमारास पारा शंभराच्या वर होता.

सुमनताई शेवटी तयार झाल्या त्या ताप पाहून नाही, आणि माझ्यामुळे तर नाहीच. त्यांचा दीर एका प्लॉटवाल्याला घेऊन आला. मी तेव्हा बाहेरच्या टेबलावर होतो. हायवेला लागून असलेल्या त्या जागेवर दिराचा डोळा जुना होता. प्लॉटवाला मऊ आवाजात समजावत होता. सह्या लवकर झालेल्या बऱ्या, मागच्यांना त्रास नको.

"मी पेपरात वाचलं, ताई. तुमच्याकडे वेळ कमी हाय म्हणून बोलतो."

त्यावर, कित्येक दिवसांत पहिल्यांदा, तो आवाज रस्त्यापलीकडे गेला.

"माझा वेळ तू मोजतोस? कोण रं तू? दत्ता! तारीख कधीची हाय ती मुंबईची? गाडी सांग. घालू देत सुई, मोठीतली मोठी घालू देत. आणि भावजी, तुमी आज जेवून जा, उद्यापासून हितं ताट नाय तुमाला."

नमुना तोंडातून दुर्बीण पोटात उतरवून, आतूनच सुईने काढतात. वर जखम नसते. निकालाला नऊ दिवस लागले. दहाव्या दिवशी दत्ताचा फोन आला, आवाज इतका खाली की मला दोनदा विचारावे लागले.

"टीबी हाय, भाऊ. कॅन्सर नाय. कुनाला बोलू नका."

माणूस वाचणार हे कळल्यावर घरचे लोक ज्या आवाजात बोलतात, तो हा आवाज नव्हता.

खुलासा मी त्याच दुपारी लिहून ठेवला. चार ओळी. पाठवण्याआधी चौकला गेलो, कारण त्यात त्यांचे नाव आणि आजार होता आणि त्यांना विचारणे भाग होते. सुमनताईंनी ऐकून घेतले.

"कॅन्सर तुमी दिलात ना मला? मंग ऱ्हाऊ दे तो. टीबीचं नाव काढायचं नाय."

'नमुन्याच्या तपासणीत कर्करोग आढळला नाही,' एवढेच लिहिले तर चालेल का, हे मी विचारले नाही. टीबीचे नाव न घेताही खुलासा करता आला असता. ते वाक्य आज मला सुचते, तेव्हा सुचले नाही. त्यांचे 'नाही' मला सोयीचे होते. कागद खिशात घातला.

सहा महिने सरकारी गोळ्या चालल्या. त्या हिंगाच्या रिकाम्या डब्यात, मसाल्याच्या फळीवर असत. सुरुवातीला मळमळ, एका सकाळी लघवी लालसर झाली म्हणून घरात रडारड. ते गोळीमुळे होते, हे पवार मॅडमना स्कूटरवरून येऊन सांगावे लागले. दुसऱ्या महिन्यात ताप थांबला. चौथ्या महिन्यात ताईंनी एका ट्रकवाल्याला ताट उचलायला लावले. वजन परत आले, निऱ्या पूर्वीसारख्या बसू लागल्या.

आणि मग चौकपासून कशेळ्यापर्यंत एक बातमी पसरली. मी न लिहिलेली. चौकच्या खानावळवालीचा कॅन्सर बरा झाला.

लोक येऊ लागले. एखादा रविवारी, मग आठवड्याला दोन-तीन. हातात फाइल, काहींच्या हातात माझ्या बातमीची झेरॉक्स. कुठला वैद्य, कसला पाला, काय पथ्य? सुमनताई सुरुवातीला म्हणत, "देवाची कृपा." मग म्हणू लागल्या, "डॉक्टरचंच औषध." लोकांना ते पटत नसे, ही बाई लपवते आहे, असे म्हणत जात. मी हे ऐकत होतो. कागद पाकिटात घडी होऊन पडला होता. मधल्या काळात मी निवृत्त झालो. माझ्या जागी आलेल्या बातमीदाराला मी सगळे फोन नंबर दिले. तो कागद दिला नाही.

शेवटचा प्रसंग दुपारच्या जेवणवेळेचा आहे. सहाही टेबले भरलेली, एकावर मी. कशेळ्याच्या अलीकडच्या एका गावातला पन्नाशीचा शेतकरी आत आला. बाहेर जीपमध्ये त्याची बायको आडवी होती. त्याने फाइल उघडली. सगळ्यात वर लॅमिनेट केलेले माझे कात्रण.

"ताई, हिलाबी तुमच्यावानी स्वादुपिंडाचाच हाय. तुमी कसलं औषध घेतलं, तेवढं सांगा. मी पायी येऊन नेईन."

सुमनताईंनी फाइल माझ्याकडे सरकवली. कात्रण बाजूला काढून या वेळी मी शेवटचे पान आधी वाचले. नमुना तपासलेला होता. निकालात 'शक्यता' हा शब्द नव्हता. कर्करोग होता.

"यांचं वेगळं आहे," मी म्हणालो. "इस्पितळात उपचार चालू आहेत ना?"

"चालू व्हते. मंगळवारची सलाईन व्हती, ती नाय घेतली. म्हटलं, आधी हितं यावं. ताई बऱ्या झाल्या ना त्याच्याबिगर."

सुमनताईंच्या हातात पळी होती. त्यांनी टेबलांकडे एकदा पाहिले. मग नेहमीच्या, रस्त्यापलीकडे जाणाऱ्या आवाजात त्या बोलल्या.

"मला कॅन्सर नव्हताच, दादा. टीबी व्हता. पोटाचा. सरकारी गोळ्या खाल्ल्या सा महिने, म्हणून उभी हाय. पाला नाय, वैद्य नाय. तू हिला आत्ताच्या आत्ता परत ने."

दारालगतच्या टेबलावरचे दोघे अर्धे ताट टाकून उठले आणि हात न धुता बाहेर पडले. कोपऱ्यातला एक जुना टेंपोवाला थोडा वेळ ताटाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "मावशी, भात आन."

शेतकरी जागचा हलला नाही. "मंग पेपरात असं का लिवलं?"

सुमनताईंनी पळी माझ्याकडे केली. "हा बसलाय लिवणारा. इचार त्याला."

मी सांगितले की बातमी माझी होती. अहवालात खात्री करायला सांगितले होते, ती ओळ मी गाळली.

"वाचायला येतं ना तुमाला?"

"येतं."

त्याने मान हलवली, जणू त्याला एवढेच हवे होते, आणि फाइल काखेत मारून जीपकडे गेला. मी पवार मॅडमना फोन लावला, त्यांनी इस्पितळात ओळखीच्या एका नर्सला. शुक्रवारची तारीख मिळाली. शेतकऱ्याची बायको पुढे पाच महिने जगली. चुकलेला मंगळवार त्या पाच महिन्यांतून किती दिवस घेऊन गेला, हे मी तीन डॉक्टरांना विचारले. सांगता येत नाही, असे तिघेही म्हणाले. मी अजून विचारतो.

खानावळ महिनाभर निम्मी रिकामी राहिली. मग भरली.

त्या दुपारी जीप गेल्यावर टेबलावर कात्रण तसेच राहिले होते. त्यावर बिरड्याचा एक थेंब सांडला होता. सुमनताईंनी फडक्याने तो पुसला आणि कात्रण माझ्या ताटाशेजारी ठेवले.

"हे तुमचं. आता नीट लिवा. माझं नाव घालून."